पोलीस भरती आणि जुनी अटक : साक्षांकन नमुन्यात काय लिहायचं? (सोलापूर शहर, ग्रामीण, राज्य राखीव पोलीस दल गट 10)

शेळगीकर

पार्कवर पळायला येणाऱ्या पोरांचे हे प्रश्न दर भरतीला निघतात, आणि उत्तरं मिळतात ती चहाच्या गाड्यावरची. 'एकदा आत जाऊन आला की संपलं बे' इथपासून 'काय लिहायचं नसतंय, कोण बघतंय' इथपर्यंत. म्हणून हा धागा. माहितगारांनी नीट लिहा.

नेहमी दिसणारे चार प्रकार देतो. पहिला, गणपतीच्या मिरवणुकीत वाद झाला, 151 खाली उचललं, दुसऱ्या दिवशी सोडलं. दुसरा, बांधावरून भावकीत हाणामारी, 324, 323, 504, 506 (मारहाण, शिवीगाळ, धमकीची कलमं), केस मोहोळ कोर्टात चालू. तिसरा, वय 17 असताना मोबाईल चोरीत नाव आलं, बाल न्याय मंडळासमोर प्रकरण मिटलं. चौथा, जुगारात 12(अ) खाली सापडला, कोर्टात दंड भरून 'मोकळा' झाला.

यातला कोण फॉर्म भरू शकतो, आणि गाडी अडते ती नेमकी कुठे?

नक्कल_विभाग

फॉर्म चौघेही भरू शकतात. अर्ज भरणं, मैदानी, लेखी, यात कुठेच गुन्ह्यामुळे कोणी अडवत नाही. अडतं ते निवड यादीनंतर, चारित्र्य पडताळणीत. तिथे साक्षांकन नमुना, म्हणजे आपल्यावरच्या केसेसची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरावा लागतो. त्यामुळे पोरं वर्षभर घाम गाळतात आणि कागद बघायला शेवटच्या आठवड्यात पळतात. उलटं करा.

आधी आपल्या नावावर काय आहे ते कागदावर बघा. 'केस झाली होती' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा सांगता येत नाही की ती एनसी होती, चॅप्टर केस होती की गुन्हा दाखल होता. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. चॅप्टर म्हणजे 107, 110 ची प्रतिबंधक कारवाई (आता सीआरपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसएसची 126 आणि 129), ती तहसीलदार किंवा प्रांतासमोर चालते, शहरात आयुक्तालय असल्याने एसीपींसमोर. गुन्हा म्हणजे गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडलेला एफआयआर.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून निघते. संवेदनशील गुन्ह्यांची तिथे नसते. कोर्टात गेली असेल तर ई-कोर्टच्या साइटवर ठाणं आणि एफआयआर नंबर टाकून शोधा. खटल्याचा आरसीसी किंवा एससीसी नंबर आणि 16 अक्षरी सीएनआर मिळेल. त्या नंबरवर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल काढा. फक्त निकालपत्र नको. दोषारोपपत्र आणि रोजनामाही (कोर्टातल्या प्रत्येक तारखेची नोंद) काढा. दंड भरला, तडजोड झाली, साक्षीदार फितूर झाला, हे सगळं रोजनाम्यात तारखेनिशी असतं.

दोषारोपपत्र गेलंच नसेल तर समरी, म्हणजे केस बंद करायचा पोलिसांचा अहवाल, कोणती ते बघा. ए म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा किंवा पुरावा नाही. बी म्हणजे फिर्यादच खोटी. सी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. 'पोलिसांनी सी समरी पाठवलीय' एवढ्याने भागत नाही, मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केल्याचा आदेश हातात हवा.

आणि हमखास होणारा घोळ: कोर्टात निकाल लागून वर्ष झालेलं असतं, ठाण्याच्या सीसीटीएनएसमध्ये (पोलिसांच्या कॉम्प्युटर नोंदीत) मात्र अजून 'न्यायप्रविष्ट'. पडताळणीचा अहवाल त्या नोंदीवरून जातो. निकालाची नक्कल जोडून ठाण्यात अर्ज द्या, कोर्ट पैरवी बघणाऱ्या अंमलदाराला भेटा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

होटगी_रोड

एवढं कशाला? जिथं गुन्हा आहे ते ठाणं सोडून दुसऱ्या जिल्ह्यात भरती द्यायची आणि रकान्यात 'नाही' लिहायचं. निम्मी पोरं हेच करतात.

कलमकसाई

होटगी_रोड, हा सल्ला पोरांना बुडवणारा आहे.

भरती नंदुरबारला दिली तरी साक्षांकन नमुना मूळ पत्त्याच्या जिल्ह्यात येतो. विशेष शाखेतून ठाण्यात, ठाण्यातून गोपनीयच्या अंमलदाराकडे. तो रजिस्टर आणि सीसीटीएनएस बघतो, गल्लीत विचारतो. जिल्हा बदलून फरक पडतो तो फक्त मेरिटला.

लपवण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा मुख्य निकाल म्हणजे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, 2016, तीन न्यायमूर्तींचा. त्याचा भरतीपुरता अर्थ असा. माहिती खरी द्यायची. गुन्हा अगदी किरकोळ असेल, तरुणपणी घोषणा दिल्या वगैरे, तर लपवलं तरी प्राधिकारी दुर्लक्ष करू शकतो. 'करू शकतो', बांधील नाही. किरकोळ नसलेल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर उमेदवारी रद्द होऊ शकते. एकापेक्षा जास्त प्रलंबित केसेस मुद्दाम लपवल्या तर ते लपवणंच पुरेसं कारण. किरकोळ केस चालू आहे आणि ती खरी सांगितली, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. आणि उमेदवाराच्या बाजूचा मुद्दा: नमुन्यात जे नेमकं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर देणं बंधनकारक, मोघम प्रश्नावरून 'लपवलं' म्हणता येत नाही.

2024 चा रवींद्र कुमार निकाल (उत्तर प्रदेशचा शिपाई) पोरं एकमेकांना फॉरवर्ड करतात, 'बघा, लपवूनपण नोकरी मिळाली'. त्यात माणूस निर्दोष सुटलेला होता, ठाण्याचा अहवाल चांगला होता, आणि तरी दाद मिळायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. ती वाट आहे म्हणून मुद्दाम त्या वाटेने जायचं का?

शेळगीकर

नमुन्यातले प्रश्न नेमके काय असतात?

कलमकसाई

एकाच प्रश्नाचे बरेच फाटे असतात, आणि पोरं पहिला वाचून सगळ्यांना 'नाही' ठोकतात. कधी अटक झाली का, खटला भरला का, स्थानबद्ध केलं का, बंधपत्र घेतलं का, कोर्टाने दंड केला का, दोषी ठरवलं का, सध्या केस चालू आहे का. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

दोन उदाहरणं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात हल्ली बऱ्याचदा अटक न करता नोटीस देतात (जुनं 41अ, आता 35(3)). तिथे 'अटक' ला नाही, पण 'खटला' ला होय. उलट बाजूला जामीनपात्र गुन्हा: ठाण्यातच जामीन झाला, दोन तासांत घरी. घरचे म्हणतात अटक कुठं झाली? अटक पंचनामा झालाय, फॉर्मवर सही आहे, म्हणजे अटक झाली. रात्र लॉकअपमध्ये काढली की नाही याचा इथं संबंध नाही.

चॅप्टर_केस

पहिल्या प्रकाराबद्दल. 151 (आता 170) म्हणजे दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून केलेली प्रतिबंधक अटक. साधारणपणे 24 तासांच्या आत सोडतात, पुढे बहुधा 107 चं प्रकरण करून बंधपत्र घेतात. हा गुन्हा नाही, शिक्षा नाही, यात निर्दोष-दोषी असा निकालही लागत नाही. पण अटक आहे आणि बंधपत्रही आहे. दोन्ही फाट्यांना 'होय', आणि पुढे एका ओळीत 'प्रतिबंधक कारवाई, गुन्हा दाखल नाही'. एवढ्यावरून कोणी नाकारलं तर ते भांडण्यासारखं प्रकरण आहे.

मात्र त्याच मिरवणुकीत वेगळा गुन्हाही दाखल झालेला असू शकतो: जमावबंदी मोडल्याचा, म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा 37(1) आणि 135, किंवा आयपीसीचा 188 (सरकारी आदेश मोडणं). पोराला 151 माहीत असतं, 135 पडताळणीत निघतो. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांवर डीजेचा गुन्हा वेगळा. ठाण्यात विचारताना 'त्या दिवशी त्या मिरवणुकीचे सगळे गुन्हे' असं विचारा.

अजून एक गोंधळ: 149. गणपती, जयंती, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी ठाण्याकडून सरसकट नोटिसा निघतात, त्या सीआरपीसी 149 च्या (आता 168). ती नुसती ताकीद. आयपीसीचा 149 (आता आयपीसीच्या जागी आलेल्या बीएनएसचा 190) म्हणजे बेकायदा जमावाचा समान उद्देश, तो गंभीर. नोटिशीवर '149' बघून पोरगं घाबरतं, आणि दोषारोपपत्रात 307 (खुनाचा प्रयत्न) सह 149 असलेला 'नुसती नोटीस आहे' म्हणून निर्धास्त राहतो.

माळरान

दुसरा प्रकार, बांधाची मारामारी. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पोरं यातच अडकलेली असतात, दोन्हीकडून क्रॉस फिर्यादी. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घालायची पद्धत आहे, त्यात पळायला गेलेलं पोरगंही येतं.

323, 504, 506 कोर्टात तडजोडीने मिटतात, आणि कायद्यानं तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. गाडी अडते 324 वर (हत्याराने दुखापत, आता बीएनएस 118(1)). ते आता तडजोडीच्या यादीत नाही. मोहोळला दोन्ही पार्ट्या हात जोडून उभ्या राहिल्या तरी मॅजिस्ट्रेट ते मिटवू शकत नाही. मग दोनच वाटा. एक, खटला चालवायचा. साक्षीदार उलटतात आणि संशयाचा फायदा मिळून सुटका होते. दुसरी, हायकोर्टात 482 खाली (आता बीएनएसएस 528) फिर्यादीच्या संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायचा.

हे दुसरं काम सोलापूरकरांना आता सोपं झालंय. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे, सोलापूर त्यात येतं, मुंबईची फेरी वाचली. लागतं काय: एफआयआर आणि दोषारोपपत्राची नक्कल, फिर्यादीचं आणि प्रत्येक जखमीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, त्यांची ओळखपत्रं. एक जखमी राहिला की सगळं अडकतं. बहुतेक वेळा तो पुण्याला कामाला गेलेला चुलतभाऊ असतो. जखम मोठी असेल, 326 (हत्याराने गंभीर दुखापत) किंवा 307 असेल, तर नुसत्या संमतीवर कोर्ट ऐकेलच असं नाही. क्रॉस केस असेल तर दोन्ही गुन्हे एकाच वेळी रद्द करायला टाका. नाहीतर एक मिटतो, दुसऱ्यात समोरची पार्टी ऐनवेळी भाव खाते.

गुन्हा रद्द झाला तरी 'कधी अटक झाली का' याचं उत्तर बदलत नाही. होय लिहा, खाली रद्द झाल्याचा आदेश जोडा.

कलमकसाई

माळरान यांच्या पहिल्या वाटेबद्दल थोडं. पोलीस खात्याच्या बाबतीत कोर्टाने वेगळी फूटपट्टी लावलीय. मेहर सिंग (2013) निकालात स्पष्ट आहे: साक्षीदार फितूर होऊन किंवा तडजोडीने सुटलेल्या उमेदवाराला छाननी समिती नाकारू शकते. अभिजित सिंग पवार (2018) प्रकरणात उमेदवाराने सगळं खरं लिहिलं होतं, तडजोडही झाली होती, तरी नकार सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. लव कुश मीना (2021), राजस्थानचा शिपाई, तिथेही तेच. उलट बाजूला संदीप कुमार (2011): 325 ची (गंभीर दुखापत) तडजोड झालेली, वय विशीचं, लपवलेलंही होतं, पण कोर्टाने तरुणपणाची चूक म्हणून दिलासा दिला. तो निकाल अवतार सिंगच्या आधीचा आहे, तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

म्हणून निकालपत्र कसं लिहिलंय याला किंमत आहे. 'फिर्यादी पक्षाला गुन्हा शाबित करता आला नाही, आरोपीचा सहभाग दिसत नाही' आणि 'साक्षीदार फितूर, संशयाचा फायदा' हे दोन्ही निर्दोषच, पण आयुक्त किंवा अधीक्षकांच्या टेबलावर वेगळे वाचले जातात. सन्मानाने निर्दोष असा शब्द फौजदारी संहितेत कुठंच नाही, त्यामुळे निकालात तो यायलाच पाहिजे असा हट्ट वकिलाकडे धरू नका. पण पोरगं घटनास्थळी नव्हतं याचा पुरावा असेल, कॉलेजची हजेरी, हॉस्पिटलचा कागद, तर 'कशाला, साक्षीदार उलटणारच आहेत' म्हणून तो सोडू नका. तो रेकॉर्डवर आणा.

चॅप्टर_केस

चौथा प्रकार सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात जास्त नडतो. दंड भरून मोकळा झाला म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा झाली. 12(अ) असो, दारूबंदीचं 85 असो, गोंधळ घातल्याचं 110/117 असो, मोटार वाहनचं 185 असो. 'कोर्टाने दंड केला का' होय, 'दोषी ठरवलं का' होय. मोबाईलवर आलेलं हेल्मेटचं ई-चलन भरणं हा वेगळा प्रकार, ते कोर्टाने दोषी ठरवणं नाही. पण चलन न भरता कोर्टात गेलं आणि तिथे कबुली देऊन दंड झाला तर रोजनामा काढून बघा.

ज्यांच्या तारखा अजून चालू आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. कोर्टाच्या व्हरांड्यात 'कबूल कर, पाचशे भर, तारखा संपव' असं सांगणारे बरेच भेटतील. दुकान चालवणाऱ्याला ते परवडतं. भरती देणाऱ्याने केस लढवावी, किंवा निदान वकिलाला भरतीचं आधी सांगावं. परिविक्षेवर सोडलं तर 1958 च्या कायद्याचं कलम 12 अपात्रता लागू देत नाही, पण दोषी ठरल्याची नोंद पुसत नाही. लिहावं लागतंच.

कोरोना काळातले 188 वेगळे. ते मागे घ्यायचं शासनाने 2022 मध्ये ठरवलं, पण खटला मागे घ्यायला कोर्टाची परवानगी लागते (321, आता 360). आपल्या केसमध्ये तो आदेश झालाय का, हे ज्याचं त्यानं बघायचं.

बालमंडळ

तिसऱ्या प्रकाराला सगळ्यात भक्कम संरक्षण आहे आणि तोच पोरगा सगळ्यात जास्त घाबरलेला असतो. बाल न्याय कायदा 2015, कलम 24: त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही. कलम 74(2): चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. सुप्रीम कोर्टाने रमेश बिश्नोई (2019) प्रकरणात हेच धरलं. अपवाद एक: 16 ते 18 वयात अतिगंभीर गुन्हा, प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरलेला.

वय मोजायचं घटनेच्या तारखेला, निकालाच्या नाही. खरी अडचण दुसरीकडे असते. एफआयआरमध्ये 'वय अंदाजे 19' पडलेलं असतं, शाळेच्या दाखल्याने तो साडेसतराचा निघतो, पण केस मोठ्यांच्या कोर्टात चाललेली. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कलम 9(2) प्रमाणे कधीही घेता येतो, अगदी निकालानंतरही. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. पडताळणी लागायच्या आधी तो आदेश घेऊन ठेवा.

शेळगीकर

मालक, लईच कामाचं झालं. नमुन्याच्या रकान्यात जागा दोन बोटांची असते. प्रत्यक्ष मजकूर कसा लिहायचा?

नक्कल_विभाग

रकान्यात 'होय, सोबत पुरवणी पान 1 पाहा' एवढंच. पुरवणी पानावर, प्रत्येक प्रकरणाला वेगळा परिच्छेद:

'मोहोळ पोलीस ठाणे, गु.र.नं. ___/2022, दि. ___, भा.दं.वि. 324, 323, 504, 506, 34. फिर्यादी नात्यातील, शेतीच्या बांधाचा वाद. अटक दि. ___, जामीन त्याच दिवशी. दोषारोपपत्र दाखल, आर.सी.सी. ___/2022, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, मोहोळ. सद्यस्थिती: प्रलंबित, पुढील तारीख ___. सोबत एफआयआर, जामीन आदेश व दोषारोपपत्राच्या नकला.'

कहाणी नको, 'मला खोटं गुंतवलं' नको, समोरच्याची निंदा नको. तारीख आठवत नसेल तर अंदाजाने लिहू नका, नक्कल मिळेपर्यंत थांबा. पुरवणी पानावर सही करा, नमुन्यासकट सगळ्याची झेरॉक्स ठेवा आणि देताना आवक क्रमांक घ्या. पुढे 'उमेदवाराने माहिती दिली नाही' असं आलं तर हीच झेरॉक्स कामाला येते. नमुना दिल्यानंतर नवीन काही झालं, अटक, गुन्हा, निकाल, तर तेही लगेच लेखी कळवायचं असतं. ती अट नमुन्यावरच छापलेली असते आणि कोणी वाचत नाही.

होटगी_रोड

आणि सगळं खरं लिहून नाकारलं तर?

माळरान

नियुक्ती प्राधिकारी शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला अधीक्षक, सोरेगावच्या गट 10 ला समादेशक. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या: गुन्ह्याचं स्वरूप, तेव्हाचं वय, तुमचा नेमका सहभाग, निकाल, आणि माहिती स्वतःहून दिली हे. नोटीस न देता थेट नकार आला तर कारणांसह आदेशाची प्रत मागा. गरज पडली तर माहिती अधिकारात पडताळणी अहवाल आणि टिपणीही मागा.

आव्हान द्यायचं ते मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. इथे पोरं चुकतात. गुन्हा रद्द करायला कोल्हापूर, पण नेमणूक नाकारल्याची दाद मॅटच्या मुंबई खंडपीठात. कोल्हापूरला थेट रिट टाकली की 'आधी मॅटला जा' म्हणून परत येते आणि दोन-तीन महिने जातात. मॅटची मुदत आदेशापासून एक वर्ष, पण वर्षभर थांबू नका. रिक्त जागा ठेवायचा अंतरिम आदेश मागायचा असेल तर प्रतीक्षा यादीतल्याची नेमणूक व्हायच्या आत पोचायला पाहिजे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि उत्पन्न मर्यादेतल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्ह्याचं ऑफिस सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातच आहे.

शेळगीकर

मोहोळवाल्याचं वय 26 आहे, खुला प्रवर्ग. शिपाईला 28 ची मर्यादा, गट 10 ला 25, म्हणजे ते गेलंच. केस मिटेपर्यंत थांबावं का आत्ताच भरावं?

कलमकसाई

आत्ताच भरायला सांगा. क्रॉस केस असल्याने दोन्ही बाजूंना मिटवायची गरज आहे, कोल्हापूरला दोन्ही अर्ज याच महिन्यात टाका. मैदानी, लेखी, यादी यात काही महिने जातातच. तोवर आदेश आला तर पुरवणी पानाला जोडायचा, नाही आला तर 'प्रलंबित' लिहायचं आणि कोल्हापूरच्या अर्जाचा नंबर टाकायचा.

शेळगीकर

ठीक. पुण्यातल्या जखमी चुलतभावाला रविवारी बोलावून घ्यायला सांगतो.